‘बस आता अभ्यासाला!’ हे सगळेच म्हणतात, पण शेजारी बसणार कोण? लहान मुलांच्या घरच्या अभ्यासाचं गणित

संध्याकाळचे सात वाजलेत. तळेगाव ढमढेरेतलं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा. आई नुकतीच रानातून किंवा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आलीये. गॅसवर डाळ शिजतीये. टीव्हीचा आवाज आहे, आजीचा जप चालू आहे, आणि सहा वर्षांचं पोरगं दप्तर उपडं करून बसलंय. स्वयंपाकघरातून हाक येते, “बस आता अभ्यासाला!”

पोरगं बसतं. दोन मिनिटांनी पाणी प्यायला उठतं. मग पेन्सिलीचं टोक मोडतं. मग शू लागते. मग खोडरबर सापडत नाही. अर्ध्या तासाने आई येऊन बघते, तर वहीत दीड ओळ. आवाज चढतो, पोरगं रडतं, आणि शेवटी आईच हात धरून उरलेली ओळ काढून घेते. वही पूर्ण होते, अभ्यास झालेला नसतो.

हे चित्र फक्त तळेगावचं नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्येही हेच चालतं आणि मुलांना शाळेतच न घालता घरी शिकवणाऱ्या कुटुंबांतही हेच. इन्स्टाग्रामवर होमस्कूलिंगची रील्स बघितली की वाटतं, लाकडी टेबल, रंगीत खडू आणि शांत बसलेलं मूल. कॅमेऱ्यामागे त्या मुलाशेजारी तासन्‌तास बसलेला मोठा माणूस मात्र रीलमध्ये येत नाही.

आपला आजचा विषय तोच माणूस आहे. गेल्या काही वर्षांत शिक्षणाची बरीच धोरणं त्याच्या भरवशावर आखली गेलीत. पण त्याच्याकडे वेळ आहे का, हे फारसं कुणी विचारलेलं नाही.

आधी समजून घेऊ, लहान मूल एकटं का बसत नाही?

वही-पुस्तक घेऊन एका जागी करायच्या कामाला आपण ‘बैठा अभ्यास’ म्हणू. पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी हे काम मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा खूप अवघड असतं.

एक तर हात. या वयात मनगटातली हाडं पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांच्या बारीक स्नायूंवर ताबा येत असतो. त्यामुळे पानभर ‘क’ गिरवताना हात खरंच दुखतो. तो बहाणा असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे डोकं. एक गणित सोडवताना मुलाला बऱ्याच गोष्टी एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. काय विचारलंय, कुठे लिहायचंय, आतापर्यंत किती मोजलं, आणि बाहेर कुत्रं भुंकतंय तिकडे बघायचं नाही. मन आवरायची ही ताकद वयाबरोबर हळूहळू येते, नुसतं ओरडल्याने ती लवकर येत नाही.

मग शेजारच्या मोठ्या माणसाचं काम काय? १९७६ साली डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तीन अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला, आणि शेजारी बसलेली शिकवणारी व्यक्ती नेमकी काय मदत करते हे नोंदवलं. त्या मदतीला त्यांनी बांधकामातला शब्द वापरला. इमारत उभी राहीपर्यंत बाहेरून बांबूची परांची बांधतात ना, तसं. काम सोपं करून देणं, लक्ष परत जागेवर आणणं, चिडचिड झाली की धीर देणं, एखादी पायरी करून दाखवणं, ही सगळी परांची.

परांचीची खासियत अशी की भिंत तीच बांधून देत नाही, आणि इमारत उभी राहिली की ती उतरवायची असते. मुलाचा हात धरून ओळ काढून घेणारी आई भिंतच बांधून देत असते. आणि “बस अभ्यासाला” म्हणून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या बापाने परांची उभारलेलीच नसते. शेजारी बसण्याची खरी जागा या दोन्हींच्या मधे आहे.

कोरोनात सगळ्या राज्याची परीक्षा झाली

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि महाराष्ट्रातलं प्रत्येक घर सक्तीने होमस्कूल झालं. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे जून २०२० ला जे मूल पहिलीत दाखल झालं, त्याची अख्खी पहिली आणि अर्धी दुसरी घरात गेली.

त्या काळातला एक सरकारी निर्णय आज परत वाचण्यासारखा आहे. जुलै २०२० मध्ये राज्य सरकारने ऑनलाइन वर्गांच्या वेळा ठरवून दिल्या. पहिली-दुसरीसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाची सत्रं, आणि त्यातली १५ मिनिटं पालकांशी संवादासाठी. पूर्वप्राथमिकसाठी तर अर्धा तास होता, तोही पालकांशी बोलण्यासाठी. थोडक्यात, सहा वर्षांच्या मुलाला स्क्रीनवरून शिकवता येत नाही, आधी त्याच्या शेजारच्या मोठ्या माणसाला सांगावं लागतं, हे सरकारनेच कागदावर मान्य केलं.

त्याच महिन्यात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका पहिली ते आठवीसाठी होती. टीव्हीवर मास्तर फळ्यापुढे उभे आहेत असा तो प्रकार नव्हता. मुलं आणि घरातली मोठी माणसं मिळून घरातल्याच वस्तूंनी काहीतरी करत शिकतायत, असं त्यात दाखवलं जायचं. कल्पना चांगली होती. पण टीव्हीवरच्या घरात जसा मोठा माणूस मोकळा होता, तसा प्रत्येक घरात होता का?

याचं उत्तर सप्टेंबर २०२० मध्ये ‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणात मिळालं. तेव्हा फोनवरून ग्रामीण पालकांशी बोलून माहिती घेतली होती. त्यात दिसलं की साधारण चारपैकी तीन मुलांना घरातून अभ्यासात काही ना काही मदत मिळत होती. हा आकडा ऐकून बरं वाटतं. पण तोच आकडा आईवडिलांच्या शिक्षणाप्रमाणे फोडला की चित्र बदलतं. दोघंही नववीच्या पुढे शिकलेले असतील तर ८९.४ टक्के मुलांना मदत मिळत होती. दोघंही पाचवीपर्यंतच शिकलेले असतील तर ५४.८ टक्के मुलांना.

त्याच काळात मोबाइल मात्र भराभर वाढले. शाळेत नाव असलेल्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. यंत्र घरात आलं, पण शेजारी बसायला माणूस आला नाही.

परिणाम पुढे दिसला. ग्रामीण भारतात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर घसरली. शाळा उघडून वर्ग सलग सुरू झाल्यावर २०२४ मध्ये हा आकडा २३.४ टक्के झाला, म्हणजे कोरोनाच्या आधीपेक्षाही थोडा वर. शाळेला काय पर्याय आहे, या चर्चेत हे तीन आकडे विसरू नयेत.

मग स्वतःहून घरी शिकवणाऱ्यांचं काय? ते कायदेशीर आहे का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगतो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकांसाठी या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि होमस्कूलिंगची वेगळी व्यवस्थाही त्यात नाही. म्हणून ज्यांनी हा मार्ग घेतलाय ते परीक्षेसाठी मुक्त विद्यालयांकडे वळतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या प्राथमिकच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते, पाचवीसाठी वय किमान १० वर्षं लागतं. दहावीला खासगीरीत्या बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीत आहेच. आणि मूल परत शाळेत घालायचं ठरलं, तर त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो.

होमस्कूलिंगचं नाव निघालं की मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण दिलं जातं. तिने सातवीत असताना शाळा सोडली, संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश घेतला. कौतुक करावं तेवढं थोडंच. पण एक फरक लक्षात घ्या. सातवीतली मुलगी आवडीचा विषय घेऊन स्वतः तासन्‌तास बसू शकते. सहा वर्षांचं मूल नाही बसू शकत. त्या वयात घरी शिकवायचं म्हणजे घरातल्या एका माणसाने रोजचा ठरावीक वेळ पूर्णपणे त्यासाठी ठेवायचा. कायद्याच्या प्रश्नाआधी हा हिशोब मांडायला हवा.

आणि पहिलीच्या पोराला गृहपाठ द्यायचाच कशाला?

बरोबर प्रश्न आहे. सरकारी कागदपत्रांचं म्हणणंही हेच आहे.

१९९३ मध्ये यशपाल समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या अहवालात सांगितलं की प्राथमिकच्या मुलांना गृहपाठ देऊ नये, फार तर आजूबाजूचं काही शोधून बघायला सांगावं. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नका असं बजावलं. २०२० च्या केंद्र सरकारच्या दप्तर धोरणात तर वेळच मोजून दिलीये: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज जास्तीत जास्त एक तास.

आता तुमच्या घरातली पहिलीची वही उघडा. ‘१ ते १०० पाच वेळा लिहा’ हे त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. धोरण हे मार्गदर्शन असतं, ते वर्गात उतरवणं शाळेच्या हातात असतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी पालकच गृहपाठ मागतात. “आमच्या पोराला काही देतच नाहीत” ही तक्रार पालकसभेत ऐकली नाही असा गुरुजी सापडणं अवघड. फी भरली की वहीत पानं भरलेली दिसायला हवीत, हा आपला हिशोब.

पण म्हणजे घरी काहीच करायचं नाही का? तसंही नाही. पाच वेळा शंभरपर्यंत लिहिण्याने मूल जे शिकतं, त्यापेक्षा जास्त ते शेंगा मोजत, दहा-दहाच्या ढिगाऱ्या करत, “आता किती झाल्या?” याचं उत्तर देत शिकतं. फक्त ते विचारायला शेजारी कुणीतरी हवं. म्हणजे फिरून गाडी त्याच स्टेशनवर येते.

सरकारने आयांना हाताशी धरलं, ते ‘पहिले पाऊल’

शाळा उघडल्यावर २०२२ च्या एप्रिल आणि जूनमध्ये राज्यभर ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत सात स्टॉल मांडायचे. नोंदणीपासून सुरुवात, मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक आणि भाषा विकास, गणनपूर्व तयारी, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मुलाला काय जमतंय हे विकासपत्रावर नोंदवायचं.

मेळाव्यापेक्षा महत्त्वाची होती पुढची गोष्ट. एकाच वस्तीतल्या आयांचे छोटे गट करायचे, त्यातली एक ‘लीडर माता’. दर आठवड्याला आयडिया कार्ड किंवा मोबाइलवर व्हिडिओ यायचा. त्यात घरात करता येण्यासारख्या साध्या कृती. डाळ-तांदूळ वेगळे करणं, भांडी लहान-मोठी लावणं, चित्र बघून गोष्ट सांगणं. शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत आईने मुलाबरोबर रोज थोडा वेळ हे करावं, अशी कल्पना.

याने फरक पडतो का? बिहार आणि राजस्थानमध्ये याच धर्तीच्या एका प्रयोगाचा मोठा अभ्यास झालाय, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांत आयांना लिहायला-वाचायला शिकवलं, काही ठिकाणी मुलांबरोबर घरी करायच्या कृती दिल्या, काही ठिकाणी दोन्ही. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण ती थोडीच होती. चमत्कार झाला नाही, मात्र शाळेची पायरी न चढलेली आईसुद्धा मुलाच्या शिकण्यात भर घालू शकते, एवढं त्यातून दिसलं.

म्हणजे गटाची कल्पना चुकीची नाही. अडचण वेगळीच आहे.

शिरूरच्या पट्ट्यात दोन घड्याळं चालतात

तळेगाव ढमढेरेच्या एका बाजूला चासकमानच्या कालव्यावरची बागायत आहे. ऊस, कांदा, जनावरं. दुसऱ्या बाजूला शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा ते रांजणगाव असा कारखान्यांचा पट्टा. पलीकडे दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं. एकाच गल्लीत शेतकरी घर, कंपनीतला कायम कामगार, ठेकेदाराकडचा हंगामी कामगार, आणि मराठवाडा-विदर्भातून किंवा उत्तर प्रदेश-बिहारातून आलेलं भाड्याच्या खोलीतलं कुटुंब सापडतं.

शेतीचं घड्याळ विजेवर आणि पाण्याच्या पाळीवर चालतं. कंपनीचं घड्याळ शिफ्टवर. बापाची दुसरी शिफ्ट असली की मूल शाळेतून येतं तेव्हा बाप कामावर, आणि बाप येतो तेव्हा मूल झोपलेलं. पुढच्या आठवड्यात पहिली शिफ्ट, मग बाप संध्याकाळी घरी असतो, पण पहाटे उठलेला असल्यामुळे डोळे मिटत असतात. परप्रांतातून आलेल्या घरात आणखी एक अडचण, मुलाचं पुस्तक मराठी आणि आईची भाषा वेगळी.

आणि या सगळ्यात शेजारी बसणं हे काम कुणाच्या वाट्याला येतं, हे सांगायची गरज नाही. तरी आकडा बघा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात होत्या, पुरुष २१.४ टक्के. ज्या स्त्रिया हे काम करतात त्यांचे दिवसाला साधारण १४० मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ७४. स्वयंपाक, धुणंभांडी यांचा वेळ याच्या वेगळा.

‘माता गट’ हे नावच बघा. हेतू चांगला, पण मुलाच्या अभ्यासाची जबाबदारी आईची, हे नावातच गृहीत धरलंय. जी आई दिवसभर खुरपायला जाते तिच्या मोबाइलवर आयडिया व्हिडिओ आला, तर तो ती बघणार कधी? अभ्यास घेतला नाही म्हणून बोलणीही तीच खाणार. म्हणून बसायचं कसं हे शिकण्याबरोबर, बसणार कोण, हे घरात आधी ठरवावं लागतं.

बसणार कोण? घरातल्या घरात ठरवण्यासारखं

पहिली गोष्ट, आठवड्याचं ठरवा, रोजचं नाही. या आठवड्यात बापाची पहिली शिफ्ट असेल तर बसण्याची पाळी बापाची. दुसरी शिफ्ट असेल तर आजोबांची किंवा आईची. पाळी कुणाची आहे हे मुलालाही माहीत असू द्या.

दुसरी, आजी-आजोबांना मोडीत काढू नका. इंग्रजी मीडियमचं पुस्तक त्यांना येत नसेल, पण मुलाचं लक्ष जागेवर आणायला, गोष्ट सांगायला, बोटांवर बेरीज करून घ्यायला ते पुरेसे आहेत.

तिसरी, मोठं भावंड. याचं मोठं उदाहरण याच परिसरात आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आठवते? ती घडवणारे शिक्षक दत्तात्रय वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. ही शाळा ‘विषय मित्र’ पद्धतीसाठी ओळखली जाते. वेगवेगळ्या वयाची मुलं एकमेकांना शिकवतात आणि एकमेकांकडून शिकतात. २०२५ मध्ये या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. घरात चौथीतली ताई पहिलीतल्या भावाला दहा मिनिटं वाचून दाखवत असेल, तर ताईचंही वाचन पक्कं होतं. फक्त दहा मिनिटंच. ताईला बिनपगारी मास्तरीण करून टाकू नका, तिचंही खेळायचं वय आहे.

आता, बसायचं कसं?

बसण्याआधीची पाच मिनिटं. खाऊन, पाणी पिऊन, शू करून मगच बसवा. दोन पेन्सिली टोक करून ठेवा, खोडरबर एकच. अर्धी पळवाट इथेच बंद होते. टेबल-खुर्ची नसेल तर पाट किंवा चौरंग वहीसाठी, आणि मूल मांडी घालून चटईवर. खुर्चीवर बसवत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली एखादा डबा ठेवा. पाय टेकले की मूल कमी वळवळतं.

घड्याळापेक्षा घटनेला बांधा. शिफ्ट आणि पाण्याच्या पाळ्या असलेल्या घरात ‘रोज सात वाजता’ टिकत नाही. त्यापेक्षा ‘दिवा लावला की’ किंवा ‘जेवणाआधी’ हे टिकतं.

काम लहान करा. पहिली-दुसरीच्या मुलाला एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. मग उठू द्या, अंगणात एक चक्कर मारू द्या, आणि गरज असेल तर परत दहा मिनिटं. पानभर लिहायचं असेल तर तीन ओळींवर पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि सांगा, “इथपर्यंत.” शेवट दिसला की मूल पुढे जातं.

काय करायचंय ते त्याच्याकडूनच वदवून घ्या. “सांग बघू, काय करायचंय?” त्याला सांगता आलं नाही, तर त्याला करताही येणार नाही. मग एक उदाहरण तुम्ही करा, दुसरं दोघं मिळून, तिसरं त्याचं त्याला करू द्या.

शेजारी बसा, पण त्याच्या वहीत बसू नका. भाजी निवडा, शेंगा सोला, घडी घाला. तुमचे हात कामात असले की मुलाच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेण्याचा मोह होत नाही. मोबाइल मात्र नको. तुम्ही स्क्रीनकडे बघताय म्हटल्यावर तेही बघणार.

अडलं की मदत वाढवा, जमलं की कमी करा. आधी थांबा आणि मनात दहा आकडे मोजा. मग प्रश्न विचारा, “आधीचं कसं केलं होतंस?” तरी नाही जमलं तर सुरुवात करून द्या. उत्तर सांगणं सगळ्यात शेवटी. आणि पाच गणितं जमली की थोडं लांब सरका. आज शेजारी, पुढच्या महिन्यात समोर, त्याच्या पुढे स्वयंपाकघरातून नुसती नजर. परांची अशी एक-एक बांबू काढत उतरवायची असते.

चूक लगेच खोडू नका. ‘६’ उलटा काढणं या वयात नेहमीचं आहे. ओळ पूर्ण होऊ द्या, मग विचारा, “यातला सगळ्यात चांगला ‘६’ कुठला?” मूल स्वतःच बोट ठेवतं.

वेळ संपली की थांबा. काम राहिलं तरी. रडत-रडत काढलेल्या चार ओळींनी अक्षर सुधारत नाही, अभ्यासाची भीती मात्र पक्की होते. काम रोजच उरत असेल तर वहीत दोन ओळी लिहून बाईंना कळवा: “वीस मिनिटं बसलो, एवढं झालं.” दप्तर धोरण तुमच्या बाजूने आहे.

घरात दोन-तीन पोरं असतील तर?

इथेच खरी कसोटी लागते. एकाला शिकवायला घ्यावं तर दुसरं चुलीपाशी. घरी शिकवणारे पालक आणि एकाच खोलीत चार वर्ग सांभाळणारे वस्तीशाळेवरचे गुरुजी, दोघंही साधारण एकच युक्ती वापरतात.

प्रत्येकाच्या कामाचे दोन ढीग करा. एक, ज्यात तुमची गरज आहे. दोन, जे मूल एकटं करू शकतं. मोठ्याला आधी एकट्याचं काम द्या, तोवर धाकट्याचं तुमच्यासोबतचं उरका. मग उलट. दोघांनाही एकाच वेळी नवीन काही शिकवायला गेलात तर दोघंही लटकतात.

रांगतं किंवा दोन-तीन वर्षांचं पोर असेल तर त्यालाही ‘अभ्यास’ द्या. एका डब्यात झाकणं, मोठे चमचे, कापडाचे तुकडे, जुनी वही. गिळता येईल असं काही नको. हा डबा फक्त अभ्यासाच्या वेळेलाच काढायचा, एरवी कपाटावर. तरच त्याचं नावीन्य टिकतं. आणि सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यात धाकट्याला मांडीवर घ्या. ज्याला आधी जवळ घेतलं ते नंतर कमी आडवं येतं.

आणि स्वतःला वाचता येत नसेल तर?

तरी बसा. मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, “मग काय झालं?” त्याला गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तर त्याला वाचलेलं कळलंय. अडखळलं, तर कळलं नाही. हे तपासायला अक्षरओळख लागत नाही. बाजारातून आल्यावर सुट्टे पैसे मोजून घ्या. पाहुण्यांसाठी ताटं मांडायला सांगा, “सात माणसं, पाच ताटं, अजून किती?” पुस्तकाची भाषा वेगळी असेल तर गोष्ट घरच्या भाषेत सांगा. मूल घरच्या भाषेत विचार करायला शिकलं की शाळेची भाषा त्यावर चढते.

थोडक्यात काय?

महाराष्ट्राने बालशिक्षणात एक मोठा धडा फार पूर्वी गिरवलाय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ‘अंगणवाडी’ची कल्पना उभी केली, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावं असा विचार होता. आता शाळा अंगणातून मोबाइलमध्ये आली, व्हिडिओ आले, कार्डं आली. पण अंगणवाडीत एक ताई प्रत्यक्ष मुलासमोर बसलेली असायची. ती ताई मोबाइलमधून येत नाही.

पुढच्या वेळी गृहपाठ, होमस्कूलिंग किंवा ‘पालकांचा सहभाग’ यावर कुठली घोषणा झाली तर एकच प्रश्न विचारा. यात मुलाच्या शेजारी कोण बसणार आहे, आणि त्याच्याकडे तेवढा वेळ आहे का? शाळेत संध्याकाळी तासभर गावातल्या कुणी मुलांना घेऊन बसणार असेल, कंपनीतल्या बापाला पालकसभेसाठी अर्धा दिवस मिळणार असेल, माता गटाचा ‘पालक गट’ होणार असेल, तर ती घोषणा खरी.

आणि आज संध्याकाळी? पोरगं दीड ओळ लिहून पाणी प्यायला उठेल. ओरडण्याआधी शेंगांची पाटी उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. वीस मिनिटं, बास.